युकुलेलेची निवड : आधी हात, मग कान, मग लाकूड

युकुलेले घेणारे बहुतेक जण आधी रंग पाहतात, मग लाकडाचे नाव विचारतात आणि शेवटी किंमत ऐकतात. वाद्य हातात धरून नीट वाजवण्याची पाळी पैसे मोजून झाल्यावर येते. हा क्रम उलटा करावा. ज्या वाद्यावर बोटे दुखतात त्याचा नाद कितीही गोड असला तरी महिन्याभरात ते भिंतीवरच्या खिळ्याला लागते, म्हणून पहिला निकष हाताची सोय, दुसरा कानाला पटणारा नाद आणि लाकडाचा विचार त्यानंतर. ग्वाल्हेरसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि श्रावणात कपाटातल्या कपड्यांना दमट वास येतो, तिथे या तिन्हींच्या जोडीला हवेचाही विचार करावा लागतो.

वाद्य मूळचे हवाई बेटांचे. १८७९ साली मदेइरा बेटावरून होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर एक लहानसे चारतारी वाद्य आले आणि त्यांच्यातल्याच मॅन्युएल नुनेससारख्या लाकूडकाम जाणणाऱ्या कारागिरांनी तिथल्या कोआ लाकडातून त्याला आजचे रूप दिले. आकार लहान आणि तारांचा ताण कमी, हे त्याचे मूळ गुण. आवाज मोठा असावा ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये; त्याचा नाद वेगळा असतो तो त्याच्या जुळवणीमुळे.

युकुलेलेच्या तारा जी, सी, ई आणि ए या सुरांत लावतात. पेटीवरची पांढरी एक षड्ज धरली तर त्या अनुक्रमे प, सा, ग, ध अशा बोलतात; म्हणजे भूपातला एक ऋषभ सोडला तर बाकीचे सगळे सूर मोकळ्या तारांतच आहेत आणि तो ऋषभही सी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मिळतो. वाद्य धरल्यावर हनुवटीकडे येणारी जी तार गिटारप्रमाणे खर्जातली नसते, ती मध्य सप्तकाचा पंचम देते. वाद्याचा सर्वांत खालचा सूर म्हणजे सी तारेचा मध्य षड्ज, त्यामुळे मंद्र सप्तक या जुळवणीत नाहीच. चारही तारा षड्ज ते धैवत एवढ्याच अंतरात दाटीने बसलेल्या असल्याने एकदम छेडल्यावर जो चुरचुरीत, हलका, किंचित घुंगरांसारखा नाद येतो, तीच या वाद्याची ओळख आहे.

हा नाद हवा की त्याच्याखाली थोडा भरीवपणा हवा, हे दुकानात जाण्यापूर्वी ठरवावे. गाण्याच्या मागे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले सूरसमूह, वाजवायचे असतील तर नेहमीची उंच जी तार उत्तम. एकट्याने भावगीताची किंवा नाट्यपदाची चाल वाजवायची असेल तर मात्र मध्य षड्जाच्या खाली उतरता येत नाही आणि चालीतल्या मंद्र जागा वरच्या सप्तकात ढकलाव्या लागतात, जे कानाला खटकते. अशांनी जी तार एक सप्तक खाली लावलेले, म्हणजे ‘लो जी’ जुळवणीचे वाद्य घ्यावे. त्यात मंद्र पंचमापर्यंत पोहोचता येते. नंतर तार बदलूनही हे साधते, परंतु खालची जी तार जाड असल्यामुळे नटमधली, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीतली, तिची खाच रुंद करून घ्यावी लागते.

आता आकाराकडे वळू. बाजारात २१ इंची सोप्रानो, २३ ते २४ इंची कॉन्सर्ट, २६ इंची टेनर आणि ३० इंची बॅरिटोन असे चार आकार मिळतात. बॅरिटोन बहुधा गिटारच्या उंच सुरांच्या चार तारांप्रमाणे डी, जी, बी, ई असा लावतात आणि तो वाजतोही गिटारसारखाच, म्हणून ज्यांना युकुलेलेचाच नाद हवा आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. उरलेल्या तिघांत खरा फरक एकूण लांबीपेक्षा नट ते घोडी (तबलीवर तारा बांधतात तो तुकडा) या मोकळ्या तारेच्या लांबीचा असतो. ती सोप्रानोत सुमारे ३४ सेंटिमीटर, कॉन्सर्टमध्ये ३८ आणि टेनरमध्ये ४३ सेंटिमीटर असते. सोप्रानोवर पहिला पडदा नटपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर येतो, आणि बाराव्या पडद्याजवळ दोन पडद्यांतली जागा एक सेंटिमीटरच उरते. मोठ्या माणसाचे बोट तिथे मावते, पण अदबीने.

लहान मुलाला सोप्रानो द्यावा. मोठ्यांसाठी मात्र, विशेषतः ज्यांनी पूर्वी कोणतेही तंतुवाद्य हाताळलेले नाही त्यांच्यासाठी, मी कॉन्सर्ट सुचवतो, कारण त्यात सोप्रानोची चुरचुर बरीचशी शिल्लक राहते आणि बोटांना जागाही मिळते. टेनरचा आवाज अधिक भरीव असतो व आस अधिक टिकते, पण तारांचा ताणही थोडा वाढतो. आपल्या घरांत आणखी एक मुद्दा येतो. गाणारे पुरुष पुष्कळदा काळी एक किंवा काळी दोन षड्ज धरतात आणि या पट्ट्यांतले कॉर्ड युकुलेलेवर अवघड पडतात. पहिल्या किंवा तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सी पट्टीचेच आकार वाजवले की प्रश्न सुटतो. मात्र सोप्रानोवर कॅपो लावल्यानंतर बोटांना फारच कोंडल्यासारखे होते. ज्या घरात गाणारा माणूस आहे आणि त्याची पट्टी ठरलेली आहे, तिथे कॉन्सर्ट किंवा टेनरच घ्यावा.

हाताची सोय पाहण्याची सोपी परीक्षा म्हणजे डी कॉर्ड. त्यात जी, सी आणि ई या तीन तारा एकाच, म्हणजे दुसऱ्या, पडद्यावर दाबायच्या असतात, त्यामुळे तीन बोटे एकाखाली एक दाटीने बसवावी लागतात. नटची रुंदी बहुतेक वाद्यांत ३५ मिलिमीटरच्या आसपास असते. काही वाद्यांत ती ३८ मिलिमीटर असते आणि जाड बोटांना हे तीन मिलिमीटर फार उपयोगी पडतात. कॉर्ड धरल्यावर ए तार मोकळी, स्वच्छ वाजली पाहिजे. ती बोटाच्या पेराला लागून बंद होत असेल आणि बोटे थोडी उभी करूनही फरक पडत नसेल, तर दुसरे वाद्य पाहावे. हे तपासताना मानेचा मागचा भागही चाचपावा: काही माना पातळ व चपट्या असतात, काही अर्धगोल, आणि यात चांगले-वाईट असे काही नाही, ज्याचा हात त्याला मान. मानेच्या टोकाला जड खुंट्या असलेला सोप्रानो हात सोडताच डावीकडे झुकतो, हेही वाद्य उभ्याने धरून पाहावे. झुकत असेल तर पट्टा लावण्याची सोय आहे का ते विचारावे.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सहसा कोणी करत नाही. स्वस्त युकुलेलेत नटच्या खाचा पुरेशा खोल घासलेल्या नसतात. तार पहिल्या पडद्यापासून उंच राहते, ती दाबायला जोर लागतो आणि दाबताना ताणली जाऊन सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर असूनही पहिल्या दोन पडद्यांवरचे कॉर्ड बेसूर लागतात. शिकणाऱ्याला वाटते आपलेच चुकते आहे. तपासायचे असे: तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरावी आणि पहिल्या पडद्याच्या वर किती फट उरते ते उजेडाकडे धरून पाहावे. कागद सरकेल इतकीच फट असावी. तार पडद्याला पूर्ण टेकलेली असेल तर खाच जास्त खोल गेली आहे आणि मोकळी तार झणझणेल. व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर खाच उथळ आहे. चारही तारांवर हे पाहावे, कारण चारांतली एकच खाच बिघडलेली असणेही नेहमीचे आहे. मग बी-फ्लॅट कॉर्ड धरून पाहावा. त्यात पहिल्या पडद्यावर एका बोटाने दोन तारा दाबाव्या लागतात आणि नट उंच असेल तर तो लगेच उघडा पडतो.

बाराव्या पडद्याजवळ तार पडद्यापासून अडीच ते तीन मिलिमीटर उंच असावी. शाळेची पट्टी खिशात ठेवली की मापता येते, मात्र पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असेल तर ती हिशेबात धरावी. उंची जास्त असेल तर घोडीवरचा हाडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा खालून घासून ती कमी करता येते. तो जितका घासावा त्याच्या निम्म्याने बाराव्या पडद्यावरची उंची घटते. उंच नट आणि उंच घोडी हे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. गिटारचे काम जाणणारा कारागीर ते तासाभरात करतो, म्हणून बाकीचे वाद्य आवडले असेल तर केवळ एवढ्यासाठी ते सोडू नये, दुकानदाराकडून आधी दुरुस्त करून घ्यावे. मान वाकलेली असेल तर मात्र सोडावे. बहुतेक युकुलेलेंच्या मानेत ती सरळ करण्याची लोखंडी सळई नसते, आणि वाकलेली मान घरगुती उपायाने सरळ होत नाही.

सूर जुळतो की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक तारेला बाराव्या पडद्याच्या अगदी वर बोट नुसते टेकवून छेडावे आणि लगेच बोट उचलावे. वरच्या सप्तकाचा बासरीसारखा सूर येतो. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दोन्ही सूर एक असले पाहिजेत. फोनवरच्या ट्यूनरमध्ये हा फरक सेंटमध्ये दिसतो. शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतले अंतर. पाच सेंटपर्यंतचा फरक चालण्यासारखा आहे, दहाच्या पुढे गेला तर मी ते वाद्य घेणार नाही. ज्यांचा कान पेटीवर तयार झाला आहे त्यांना ट्यूनरची फारशी गरज पडत नाही. ग्वाल्हेरात असे कान घरोघरी सापडतात आणि माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली एखादी मावशी किंवा काका बरोबर आले तर दुकानदारही वाद्य जरा जपून काढतो.

एवढे झाल्यावर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवावी. कंटाळवाणे काम आहे, पण बाराव्या पडद्यापर्यंत चार तारांचे अठ्ठेचाळीस सूर वाजवायला पाच मिनिटे लागत नाहीत. एखाद्याच ठिकाणी झणझण येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा उंच बसला आहे.

नाद ऐकण्यासाठी दुकानातला पंखा, एसी आणि शक्य असेल तर शेजारचा तबला थांबवावा. खुंटीवर वर्षभर लटकलेल्या वाद्याच्या तारा मेलेल्या असतात, त्या आधारावर कोणताही निर्णय करू नये. युकुलेलेचा आवाज समोर फेकला जातो, वाजवणाऱ्याला तो अर्धाच ऐकू येतो. म्हणून दोन-तीन वाद्ये निवडून ती बरोबरच्या माणसाला वाजवायला सांगावीत आणि आपण पाठ फिरवून ऐकावे. रंग आणि किंमत दिसेनाशी झाली की कान प्रामाणिकपणे बोलतो. वाजवणाऱ्याने प्रत्येकावर एकच लहान तुकडा वाजवावा, भूपाचा आरोह-अवरोहही पुरेसा आहे. ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. चारही तारा सारख्या तोलाने बोलतात का, की सी तार घुमते आणि ए तार किरकिरते? ए तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडली तर सूर थोडा वेळ तरंगतो का, की लाकडावर टिचकी मारल्यासारखा जागीच मरतो? आणि हलक्या हाताने वाजवताना व जोरात वाजवताना नादाचा पोत बदलतो का? या तिसऱ्या कसोटीत बहुतेक स्वस्त वाद्ये नापास होतात: त्यांचा आवाज मोठा होतो, पण रंग तोच राहतो. हळू छेडल्यावर मऊ आणि ठासून छेडल्यावर उजळ होणारे वाद्य सापडले तर ते खाली ठेवू नये.

हा फरक मुख्यतः वरच्या पातळ तबलीतून येतो. जिवाजीगंजातल्या सरोद घर या वाद्यसंग्रहालयात ज्यांनी जुनी सरोदे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे कातडे नाद पेलते. युकुलेलेत ते काम सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या लाकडी फळीकडे असते. ही फळी अखंड लाकडाची असेल तर अधिक मोकळी हलते, पातळ थर चिकटवून केलेली असेल तर थोडी दबून हलते. अखंड महोगनीचा नाद ऊबदार, काहीसा गोल असतो, स्प्रूसचा उजळ आणि लांब पोहोचणारा, सीडरचा मऊ, आणि कोआचा या सगळ्यांच्या मधला, गोडसर. कोआ हवाईतच उगवतो, म्हणून महाग पडतो. हवाईचे काही कारागीर आंब्याच्या लाकडाचीही सुंदर रेषांची वाद्ये घडवतात आणि ती चांगल्या किमतीला जातात, हे ऐकून आपल्याकडच्या, आंब्याचे लाकूड होमात आणि पॅकिंगच्या खोक्यांत पाहिलेल्या माणसाला जरा हसू येते. लाकडानुसार नाद बदलतो हे खरे असले तरी एकाच लाकडाच्या दोन वाद्यांतही बराच फरक पडतो, त्यामुळे नाव ऐकून घेण्यापेक्षा वाद्य ऐकून घ्यावे.

लाकूड अखंड आहे की थरांचे, हे नादछिद्राच्या कडेवर दिसते. वरच्या पृष्ठावरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. कडेवर सँडविचसारखे थर दिसले तर ते प्लायचेच रूप. वर्णनात ‘सॉलिड टॉप’ लिहिले असेल तर फक्त वरची फळी अखंड, ‘ऑल सॉलिड’ असेल तर सगळे अंग, आणि नुसते ‘महोगनी’ लिहिले असेल तर ते थरांचेच आहे असे समजून चालावे.

ग्वाल्हेरच्या हवेचा प्रश्न इथेच येतो. अखंड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. लू वाहू लागली की इथली हवा त्याच्या कितीतरी खाली जाते. लाकूड आक्रसते, तबलीला चिरा पडू शकतात आणि पडदे बसवलेल्या पट्टीचे लाकूड आत गेल्यामुळे पडद्यांची धातूची टोके बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. उन्हाळ्यात खरेदी करताना मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून हे पाहावेच. पावसाळ्यात हीच तबली फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा उंच होतात. त्यातून कूलरची गंमत वेगळी: कूलरच्या झोतासमोर ठेवलेले वाद्य रात्री ओले वारे खाते आणि दिवसा कूलर बंद असताना तापते, ही उलथापालथ सततच्या कोरडेपणापेक्षाही वाईट. थंडीत हीटरच्या शेजारी ठेवलेल्या वाद्याचेही तेच. म्हणून पहिले युकुलेले घेणाऱ्याने, विशेषतः ते घरात उघड्यावर राहणार असेल तर, चांगल्या बांधणीचे थरांच्या लाकडाचे घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. थरांचे लाकूड हवेनुसार कमी हलते. अखंड लाकडाचे घ्यायचेच असेल तर कडक पेटी, त्यात ओलावा देणारी डबी आणि काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक हा खर्च वाद्याच्या किमतीतच धरावा.

किमतीचा अंदाज साधारण असा. दोन-तीन हजारांत थरांचे लाकूड असलेली वाद्ये मिळतात, त्यांत निवड फार काळजीपूर्वक करावी लागते. चार ते सहा हजारांत बांधणी बरीच सुधारते. अखंड तबलीसाठी आठ हजारांच्या पुढे जावे लागते. पूर्ण अखंड लाकडाची वाद्ये सहसा वीस हजारांच्या पलीकडे असतात. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर आणि लश्करच्या इतर बाजारांत वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला आणि गिटार भरपूर, युकुलेले मात्र दोन-चारच असण्याची शक्यता असते; तुलना करायची असेल तर आगगाडीने काही तासांवर असलेल्या दिल्लीला एक फेरी मारणे वावगे नाही. ऑनलाइन मागवल्यास परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या खोके उघडल्याच्या दिवशीच कराव्यात. वाद्य हातात येताच घोडीच्या कडेखाली कागद सरकवून पाहावा. तो आत जात असेल तर घोडीचा गोंद सुटतो आहे आणि वाद्य परत पाठवलेले बरे.

तारा हा नाद बदलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. नायलॉनच्या तारा मऊ वाजतात, फ्लोरोकार्बनच्या पातळ, घट्ट आणि स्वच्छ; आक्विला या इटालियन कंपनीच्या आतड्यासारख्या कृत्रिम तारांचा नाद या दोहोंहून भरदार असतो. मंद वाटणारे वाद्य फ्लोरोकार्बनने पुष्कळदा जागे होते. गिटारच्या पोलादी तारा मात्र कधीही चढवू नयेत, कारण त्यांचा ताण घोडी उखडून टाकतो.

खुंट्या दातेरी असाव्यात. साध्या, घर्षणावर टिकणाऱ्या खुंट्या हलक्या असतात खऱ्या, पण त्यांना किंचित फिरवले तरी सूर अर्धा पट्टी सरकतो आणि नवशिक्याचा निम्मा वेळ सूर लावण्यात जातो. नव्या तारा पहिला आठवडाभर सतत उतरतात. तो वाद्याचा दोष नसून तार ताणली जाण्याची प्रक्रिया आहे. दिवसातून दोन-तीनदा सूर लावत राहावे, तारा हळुवार ओढून पुन्हा लावाव्यात. दुसऱ्या आठवड्यानंतरही एखादीच तार उतरत राहिली तर त्या खुंटीच्या टोकाचा स्क्रू थोडा आवळावा, आणि तरीही फरक पडला नाही तर तारेची घोडीवरची गाठ पाहावी, ती बहुधा सरकत असते.